जुन्या इंग्रजीतील लष्करी आणि प्रवासी शब्दप्रयोग मराठीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची रोजनिशी मराठीत आणायची आहे. तिचा काही भाग दख्खनमधला आहे, काही इंग्लंड आणि स्पेनमधला. ‘फॉर्लॉर्न होप’, ‘सोल्ड आउट’, ‘बेटेड अॅट द इन’ अशा जागी शब्दकोशातला पहिला अर्थ लागत नाही. अशा वेळी मराठी म्हण शोधावी, शब्दशः उतरवून तळटीप द्यावी, की सरळ आशय सांगून पुढे जावे? आणि या कामात कोणती साधने हाताशी ठेवावीत?

या तिन्हींपैकी कोणतीही एक रीत सरसकट लावता येत नाही. अशा मजकुराचे भाषांतर बरीच वर्षे करत आल्यावर माझे मत असे झाले आहे की प्रत्येक शब्दप्रयोगाजवळ थांबून आधी एकच गोष्ट तपासावी: ज्या साली तो लिहिला गेला, त्या साली लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती प्रत्यक्ष वस्तू किंवा कृती होती, की तो शब्द तोवर नुसता बोलण्याचा भाग झाला होता? वस्तू समोर असेल, तर ती वस्तू आणि ती कृती मराठीत दिसली पाहिजे. वस्तू मागे पडून नुसता आशय उरला असेल, तर आशयाचे भाषांतर पुरते, आणि मराठीत त्या जागी वापरातला वाक्प्रचार असेल तर तो खुशाल वापरावा. आजचा इंग्रजी शब्दकोश बहुतेक वेळा दुसरी अवस्था आधी सांगतो, आणि १८०३ सालच्या अधिकाऱ्याच्या बाबतीत ती बहुतेक वेळा चुकीची ठरते.

‘फ्लॅश इन द पॅन’ घ्या. गारगोटीच्या बंदुकीत चाप ओढला की घोड्यात धरलेली गार पोलादी पत्र्यावर आपटते, ठिणग्या शेजारच्या लहानशा वाटीत पडतात, वाटीतली चिमूटभर दारू पेटते आणि तिची ज्योत नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आत शिरून मुख्य दारूला लागते, तेव्हा बार उडतो. ते छिद्र काजळीने बुजले असेल किंवा नळीतली दारू दमट झाली असेल, तर वाटीत लखकन उजेड होतो, धूर निघतो आणि बंदूक मुकाट राहते. ब्रिटिश सैन्यात १८४० च्या सुमारास टोपीच्या, म्हणजे गारेऐवजी स्फोटक द्रव्याच्या लहानशा टोपीने पेटणाऱ्या, बंदुका येऊ लागेपर्यंत हा रोजचा अनुभव होता. त्यामुळे पावसात झालेल्या चकमकीच्या वर्णनात हे शब्द आले, तर ते अक्षरशः खरे असण्याची शक्यता मोठी असते. वाटीतल्या त्या दारूला मराठीत ‘रंजक’ हा नेमका शब्द आहे. म्हणून ‘नुसती रंजक पेटली, बार उडालाच नाही’ असे लिहिले की चित्र पूर्ण होते. तोच शब्दप्रयोग एखाद्या सेनापतीच्या फसलेल्या बेताविषयी आला, तर ‘बार फुसका निघाला’ म्हणावे. हा वाक्प्रचार मराठीत दारूगोळ्याच्याच जगातून आलेला आहे. यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आज इंग्रजीत याचा अर्थ ‘क्षणभर चमकून विझलेले यश’ असा घेतात; जुन्या मजकुरात मात्र मुळातच निष्फळ गेलेला प्रयत्न अभिप्रेत असतो, त्यात यशाचा क्षणही नसतो.

आता ‘फॉर्लॉर्न होप’. ही इंग्रजी ‘होप’ म्हणजे आशा नव्हे. डच भाषेतील ‘फेर्लोरेन होप’ या शब्दांचे ते इंग्रज कानांनी केलेले रूप आहे. तिथे ‘होप’ म्हणजे जमाव किंवा टोळी, आणि ‘फेर्लोरेन’ म्हणजे गमावलेली. वेढ्यात तटाला खिंडार पाडल्यावर त्यातून सर्वांत आधी शिरणाऱ्या मूठभर लोकांना हे नाव होते. त्यांतले बहुतेक मरणार हे सर्वांना ठाऊक असे, तरीही माणसे आपणहून पुढे येत, कारण जगला तर त्या तुकडीच्या नायकाला बढतीची वाट मोकळी होई. श्रीरंगपट्टणच्या १७९९ सालच्या हल्ल्यात आणि स्पेनमधल्या बादाहोसच्या १८१२ सालच्या हल्ल्यात अशा तुकड्या होत्या. अशा ठिकाणी ‘अंधुक आशा’ असे भाषांतर झाले, तर एक संपूर्ण तुकडी पानावरून नाहीशी होते. मी पहिल्या उल्लेखात ‘जिवावर उदार होऊन खिंडारात प्रथम शिरणारी तुकडी’ असे सविस्तर लिहितो आणि पुढे ‘बिनीची तुकडी’ म्हणतो. ‘बिनी’ हा शब्द मुळात कूच करणाऱ्या फौजेच्या आघाडीसाठी आहे हे मला मान्य आहे, परंतु एकदा सविस्तर सांगून झाल्यावर तो वाचकाला अडवत नाही. विक्टोरियाच्या काळातल्या कादंबरीत मात्र हाच शब्दप्रयोग पुष्कळदा खरोखर ‘वेडी आशा’ या अर्थाने येतो, कारण तोवर खुद्द इंग्रजांनाच डच मूळ विसरायला झाले होते.

वेढ्याच्या भाषेत असे सापळे सर्वांत दाट आहेत. किल्ला ‘इन्व्हेस्ट’ केला म्हणजे त्याला वेढा घातला. ‘रिड्यूस’ केला म्हणजे हार पत्करायला लावून घेतला. ‘कॅरी’ केला म्हणजे हल्ला करून जिंकला. ‘स्लाइट’ केला म्हणजे त्याचे तट पाडून तो निकामी केला. ‘ब्रेक ग्राउंड’ केले म्हणजे मोर्चांसाठी खंदक खणायला सुरुवात केली. ही सगळी रोजच्या वापरातली क्रियापदे दिसतात, म्हणून भाषांतरकार शब्दकोश उघडतच नाही, आणि तिथेच घात होतो. ‘प्रॅक्टिकेबल ब्रीच’ हा तर कायद्यासारखा काटेकोर शब्द होता. हत्यारबंद माणूस चढून जाऊ शकेल इतपत दगडमाती खाली ढासळली, की खिंडार ‘प्रॅक्टिकेबल’ झाले असे इंजिनियर कळवी. युरोपातील रिवाजाप्रमाणे त्यानंतर किल्लेदाराने शरण येण्यात अप्रतिष्ठा मानत नसत. आणि त्याने तरीही हल्ला ओढवून घेतला, तर शिबंदीचा, म्हणजे किल्ल्यातल्या फौजेचा, अभय मागण्याचा हक्क संपला असे समजत. ‘व्यवहार्य खिंडार’ या भाषांतरातून यातले काहीच कळत नाही. ‘चढून जाण्याजोगे खिंडार’ म्हटले की कळते.

‘एस्कलेड’ म्हणजे खिंडार न पाडता शिड्या लावून तट चढणे. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरची पेठ अशीच घेतली. किल्ल्यासाठी मात्र त्याला तोफा लावाव्या लागल्या. गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ रोजी दोन्ही प्रकार एकाच दिवशी घडले: बाहेरच्या तटातल्या खिंडारातून फौज आत शिरली, तर आतल्या तटाला खिंडार नसल्याने कॅप्टन कॅम्पबेलच्या लोकांनी शिडी लावून तो पार केला. भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘हल्ला’ हा एकच शब्द ठेवला, तर त्या दिवशीची सारी घडामोड पुसट होते. मराठी कागदपत्रांतले ‘एल्गार’, ‘मोर्चे’, ‘खिंडार’, ‘शिड्या लावणे’ हे शब्द इथे हाताशी आहेत आणि ते आजच्या वाचकालाही समजतात.

वर अभय शब्द आला, त्यासाठी इंग्रजीत ‘क्वार्टर’ आहे. ‘नो क्वार्टर वॉज गिव्हन’ म्हणजे शरण येणाऱ्यालाही जिवंत सोडले नाही. ‘क्वार्टर्स’ म्हणजे उतरण्याची जागा, आणि ‘बीट अप द क्वार्टर्स’ म्हणजे शत्रूच्या तळावर अवचित छापा घालणे; पुढे हेच शब्द मित्राच्या घरी न कळवता जाऊन धडकण्यासाठीही वापरले गेले. अभय मागणाऱ्याचे वर्णन असेल, तर मराठीत ‘दाती तृण धरणे’ हा त्याच प्रसंगातून आलेला वाक्प्रचार आहे. मात्र प्रसंग दख्खनमधला असेल, तर मूळ इंग्रजीतच ‘क्वार्टर’ऐवजी पुष्कळदा ‘काउल’ असा विचित्र शब्द भेटतो. तो आपला ‘कौल’, म्हणजे अभयाचे वचन, आहे. ‘पेट्टा’ म्हणजे पेठ, ‘टप्पल’ म्हणजे टपाल, ‘ब्रिंजारी’ म्हणजे बैलांवरून धान्य वाहणारे वंजारी, ‘सिल्लिदार’ म्हणजे शिलेदार. अशा शब्दांचे भाषांतर करायचे नसते, त्यांना मूळ रूपात परत आणायचे असते. त्यासाठी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश शेजारी ठेवावा.

त्याच कोशात सापडणारा एक शब्द सविस्तर पाहण्यासारखा आहे: ‘टॅटू’. इंग्रजीत दिसायला सारखे असे तीन निरनिराळे ‘टॅटू’ आहेत. एक अंगावर गोंदण्याचा, जो कॅप्टन कूकच्या १७६९ सालच्या ताहिती भेटीनंतर पॉलिनेशियन भाषेतून इंग्रजीत आला. दुसरा रात्रीच्या ढोलाचा. तो डच ‘टॅप टू’ म्हणजे ‘पिंपाची तोटी बंद करा’ या शब्दांवरून आला, कारण हा ढोल वाजला की गुत्तेवाल्यांनी दारू विकणे थांबवायचे आणि शिपायांनी मुक्कामाकडे परतायचे असा हुकूम असे. तिसरा म्हणजे आपले तट्टू, जे इंग्रज अधिकारी कधी ‘टॅटू’ तर कधी नुसते ‘टॅट’ असे लिहीत. पुण्याजवळच्या छावणीतला कोणी ‘आफ्टर टॅटू’ परतला असे लिहितो, तेव्हा तो रात्रीचा ढोल झाल्यानंतर परतला. ‘ऑन अ टॅटू’ परतला, तेव्हा तट्टावर बसून. एका शब्दयोगी अव्ययाने सगळा अर्थ फिरतो, आणि आधुनिक वाचकाच्या मनात मात्र गोंदणच येते. रात्रीच्या ढोलासाठी मी ‘परतीचा ढोल’ लिहितो आणि पहिल्या वेळी एका वाक्यात त्याचे प्रयोजन सांगतो.

‘ट्रेन’ आणि ‘पायोनियर’ या दोन शब्दांत आजचा अर्थ इतका घट्ट बसला आहे की ते वेगळे सांगायला हवेत. मुंबई ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. आपल्याकडच्या त्याआधीच्या मजकुरातली ‘ट्रेन’ म्हणजे मागून चालणारा लवाजमा. ‘बॅटरिंग ट्रेन’ म्हणजे तट फोडण्याच्या मोठ्या तोफा आणि त्या ओढणारे बैल, गाडे, दारूगोळा यांसह सगळा तोफखाना. ‘बॅगेज ट्रेन’ला मराठीत ‘बुणगे’ हा असा शब्द आहे की त्याहून चांगला मिळणार नाही. ‘पायोनियर’ म्हणजे अग्रदूत नव्हे. फौजेपुढे जाऊन रस्ता सारखा करणारे, झाडे तोडणारे, खंदक खणणारे कुदळ-फावड्याचे लोक. त्यांना आपल्याकडे बेलदार म्हणत.

इथे एक मर्यादा सांगणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते, कारण या शब्दसंपत्तीचा मोह पडला की भाषांतरकार स्पेनमधल्या लढाईला पानिपत करून टाकतो. मराठी फौजेच्या शब्दांत दोन जाती आहेत. काही शब्द कामाचे आहेत: कूच, मजल, तळ, मोर्चा, खिंडार, चंदी, बुणगे, बेलदार. ही कामे कोणत्याही देशातल्या घोड्याबैलांच्या फौजेला करावी लागत, म्हणून हे शब्द बादाहोसलाही चालतात. दुसरे शब्द अधिकाराचे आणि व्यवस्थेचे आहेत: सरनौबत, कारखानीस, शिलेदार, बारगीर. यांच्यामागे मराठी राज्याची विशिष्ट रचना आहे. बारगीराला घोडा सरकारचा मिळे आणि शिलेदार स्वतःचा आणी, हा फरक इंग्रजी घोडदळात नव्हता. म्हणून कर्नलला कर्नलच म्हणावे, रसद पुरवणाऱ्या कमिसरीला कमिसरीच म्हणावे.

ब्रिटिश सैन्याची आपली व्यवस्थाही अशीच विशिष्ट होती आणि तिचे शब्द तळटीपेशिवाय कळणारच नाहीत. ‘ही बॉट अ पेअर ऑफ कलर्स’ याचा अर्थ त्याने दोन झेंडे किंवा रंग विकत घेतले असा नाही. ‘कलर्स’ म्हणजे पलटणीची निशाणे; ती धरण्याचे काम एनसाइन या सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याकडे असे, म्हणून एनसाइनची जागा विकत घेणे म्हणजे ‘कलर्स’ विकत घेणे. राजाच्या पायदळात आणि घोडदळात अधिकारपदे खरोखरच विकत मिळत. १८२१ च्या अधिकृत दरांनुसार साध्या पायदळात एनसाइनच्या जागेची किंमत ४५० पौंड होती. त्यामुळे ‘ही सोल्ड आउट’ म्हणजे तो फितूर झाला असे मुळीच नाही. त्याने आपले पद विकले आणि तो नोकरीतून मोकळा झाला, इतकेच. एका सभ्य माणसाला भाषांतरात गद्दार ठरवणे ही लहान चूक नव्हे. ही पद्धत १८७१ साली बंद झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात ती अधिकृतपणे नव्हतीच, तिथे बढती ज्येष्ठतेने मिळे. म्हणून तुमच्या रोजनिशीतला अधिकारी राजाच्या पलटणीतला आहे की कंपनीच्या, हे पहिल्याच पानांवर निश्चित करून ठेवावे. ‘कॅशिअर्ड’ झालेल्या माणसाचा रोकडीशी संबंध नसतो. तो अप्रतिष्ठेने बडतर्फ झालेला असतो, आणि ‘बडतर्फ’ हा शब्द तिथे चपखल बसतो.

काळाबरोबर ज्यांचा मान बदलला असे शब्दप्रयोग मला सर्वांत अवघड वाटतात. ‘बॅग अँड बॅगेज’ आज ऐकले की कोणाला तरी घराबाहेर काढल्याचे चित्र उभे राहते आणि ‘चंबूगबाळे आवरून’ हे मराठी सहज सुचते. पण शरणागतीच्या तहात हे कलम शरण येणाऱ्यांच्या सन्मानाचे असे. शिबंदीने शर्थीने लढा दिला असेल, तर तिला आपली चीजवस्तू घेऊन, ढोल वाजवत, निशाणे फडकवत, बंदुकांचे तोडे, म्हणजे बार पेटवण्याच्या वाती, पेटते ठेवून आणि तोंडात गोळी धरून बाहेर पडू देत. तोंडात गोळी कशाला, तर शिपाई लढताना पटकन भरता यावी म्हणून गोळ्या तोंडात ठेवत. तशा अवस्थेत बाहेर पडणे म्हणजे आम्ही अजूनही लढू शकतो हे सर्वांदेखत दाखवणे. अशा तहाच्या मसुद्यात ‘चंबूगबाळे’ लिहिणे हा त्या माणसांचा अपमान आहे. तिथे ‘आपल्या सर्व चीजवस्तूंसह’ एवढेच शांतपणे लिहावे.

‘गाँटलेट’च्या दोन प्रयोगांचीही अशीच गल्लत होते. ‘थ्रो डाउन द गाँटलेट’मध्ये सरदाराचा लोखंडी हातमोजा आहे, तो टाकणे म्हणजे आव्हान देणे आणि उचलणे म्हणजे ते स्वीकारणे, त्यासाठी आपल्याकडे ‘विडा उचलणे’ आहे. ‘रन द गाँटलेट’ मात्र स्वीडिश ‘गातलोप’वरून आलेले आहे: शिपायांच्या दोन रांगांमधल्या बोळातून गुन्हेगाराला पळवायचे आणि दोन्ही बाजूंनी त्याला फटके मारायचे. तिथे विडा आणू नये; ‘दुतर्फा मार खात जाणे’ हेच लिहावे.

प्रवासाच्या बाजूला शब्द कमी धोक्याचे, पण अधिक फसवे आहेत, कारण ते शांतपणे निसटतात. ‘वुइ बेटेड अॅट द इन’ म्हणजे सराईत थांबून घोड्यांना चंदी-वैरण दिली. आमिषाचा इथे काही संबंध नाही. ‘डाइन्ड अॅट द ऑर्डिनरी’ म्हणजे सराईत ठरावीक वेळी ठरावीक दराने मिळणारे सामाईक जेवण घेतले. घोडे ‘नॉक्ड अप’ झाले म्हणजे थकून पार गळाले. ‘राइड अँड टाय’ ही दोन माणसांनी एका घोड्यावर प्रवास करण्याची युक्ती होती: पहिला काही अंतर घोडा दौडवून तो झाडाला बांधतो आणि पायी पुढे निघतो; मागून चालत येणारा दुसरा तो घोडा सोडतो, पहिल्याला गाठून पुढे जातो आणि पुन्हा बांधून ठेवतो. याला मराठीत तयार शब्द नाही आणि तो घडवण्याची गरजही नाही. एका वाक्यात सांगितले की वाचकाला ती पटकन दिसते. श्रीमंत घरच्या तरुणाला युरोपच्या सफरीवर घेऊन जाणाऱ्या शिक्षकाला ‘बेअर-लीडर’ म्हणत. तिथे अस्वल नाही आणि दरवेशीही नाही. मात्र त्या नावात थोडी चेष्टा आहे, ती राखण्यासाठी मी ‘चिरंजीवांना फिरवून आणणारे मास्तर’ असे लिहिले आहे.

‘पोस्ट’ आणि ‘स्टेज’ यांच्या बाबतीत मराठी फार समर्थ आहे. ‘पोस्ट’ म्हणजे आधी वाटेवर ठरावीक अंतराने नेमलेले घोडेस्वार. सोळाव्या शतकात तातडीच्या पत्रांवर ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असे लिहीत, आणि काही पत्रांवर तर विलंब करणाऱ्याला धाक म्हणून फाशीच्या खांबाचे चित्रही काढत. त्यावरून ‘पोस्ट-हेस्ट’ आले. आपल्या जुन्या पत्रांत ‘देखतपत्र’ निघून येण्याची आज्ञा असते, तीच निकड इथे आहे. ‘स्टेज’ला ‘टप्पा’ आणि फौजेच्या ‘मार्च’ला ‘मजल’ हे शब्द जणू मापून घेतलेले आहेत. ‘सिक्स मार्चेस फ्रॉम पूना’ म्हणजे पुण्यापासून सहा मजलांवर. टप्पागाडीचा वेग किती, याचा अंदाज वाचकाला द्यायचा असेल, तर ऑगस्ट १७८४ मध्ये ब्रिस्टल ते लंडन सुरू झालेल्या पहिल्या टपालगाडीचे उदाहरण द्यावे: दुपारी चारला निघून ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोहोचली, आणि हा त्या काळी विलक्षण वेग होता. ‘अॅन एक्स्प्रेस अराइव्ह्ड’ यातला ‘एक्स्प्रेस’ मात्र गाडी नसून खास पाठवलेला माणूस आहे. दख्खनमधल्या मजकुरात संदर्भ पाहून त्याला जासूद किंवा सांडणीस्वार म्हणावे. ‘इंटेलिजन्स’ म्हणजे बुद्धी नव्हे, बातमी.

तारखांकडेही बारीक लक्ष द्यावे. ‘एट्थ इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची आठ तारीख आणि ‘अल्टिमो’ म्हणजे मागच्या महिन्याची. ‘सेनाइट’ म्हणजे आठवडा. लढाईच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या पत्रात हे चुकले, तर भाषांतरातली फौज महिनाभर आधीच नदी उतरते.

साधनांबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्यातही १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि कँडीचा १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश हे या कामात आजच्या कोणत्याही कोशापेक्षा उपयोगी आहेत. मोल्सवर्थ आणि कँडी हे दोघेही लष्करी अधिकारी होते. छावणी, तोफखाना, घोडा आणि वाटचाल यांचे शब्द त्यांनी रोज ऐकलेले होते, त्यामुळे त्या क्षेत्रात त्यांच्या नोंदी विशेष भरभक्कम आहेत. मोल्सवर्थ उलट दिशेने वाचावा: ‘रंजक’, ‘बिनी’, ‘बुणगे’ अशा नोंदी काढून त्यांच्यापुढे दिलेले इंग्रजी शब्द टिपून ठेवावेत, म्हणजे मजकुरात ते इंग्रजी शब्द आले की मराठी आपोआप समोर येते. तळटीप फक्त व्यवस्थेसाठी ठेवावी, म्हणजे पदांची खरेदी, शरणागतीचे रिवाज, अभयाचा नियम यांसाठी, आणि तीही पहिल्या उल्लेखाला एकदाच. वस्तू आणि कृती मात्र वाक्यातच उलगडाव्यात. तुमच्या रोजनिशीतला स्पेनचा भाग आधी हाती घ्यावा असे मी सुचवीन. तिथे मराठी मुलखातले ओळखीचे शब्द आधाराला नसतात, त्यामुळे कामाचे शब्द कोणते आणि अधिकाराचे कोणते याची निवड तिथेच पक्की होते, आणि मग दख्खनच्या भागात ‘काउल’ आणि ‘टप्पल’ यांना मूळ रूपात परत आणणे पुष्कळ सोपे जाते.